‘नंतर’वर तारीख लिहा



या आठवड्यात आपल्याला प्रवासाविषयी बोलायचं आहे. प्रवास जरा लांबचा आहे, तेव्हा मांडी घालून नीट बसा आणि जवळ जगाचा नकाशा घ्या. आईबाबा मोकळे असतील तर त्यांनाही बोलवा. शेवटचा भाग खास त्यांच्यासाठी आहे बरं का!

निमित्त झालं एका पत्राचं. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाचक मुलीनं ते पाठवलंय. अकरावीत आहे. ती लिहिते, ‘‘बाई, मला एकटीनं परदेश बघायचाय. शिकायला किंवा नोकरीला जायचं ते पुढचं पुढे. आधी नुसतं बघून यायचंय, आणि तेही कॉलेज संपायच्या आत. सहावीत भूगोलाचा नकाशा पाहिला तेव्हापासून मनात आहे. घरी विषय काढला की सगळे म्हणतात, नंतर बघू. बाई, हे ‘नंतर’ कधी येतं?’’

प्रश्न मोठा छान विचारलाय! ‘नंतर’ हा शब्द आपल्या घरोघरी वापरतात. मोठी माणसं तो वाईट हेतूनं वापरत नाहीत. पैशांची ओढाताण असते, मनात काळजी असते, कधी कधी काय उत्तर द्यावं हेच त्यांना सुचत नाही. पण गंमत अशी, की कॅलेंडरची बाराही पानं उलटली तरी ‘नंतर’ नावाचा वार काही सापडत नाही. कॉलेज झालं की नोकरी शोधायची. नोकरी लागली की रजा मिळत नाही. मुलगी असेल तर ‘लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा’ असं म्हणून विषयच मिटवतात. तेव्हा आज आपण पाहू या, की कॉलेजात असतानाच अशी स्वारी कुणी केली आहे का, आणि केली असेल तर ती जमली कशी.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिचं नाव तुमच्यापैकी काही जणांनी ऐकलं असेल. २०१८ साली ती २० वर्षांची होती आणि इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती. म्हणजे कॉलेज अजून संपायचं होतं. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून सायकलवर बसून निघाली. कुठे? जगाला फेरी मारायला! ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, मग पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स असा युरोप, पुढे रशिया आणि शेवटी आपला भारत. एकूण १४ देश. २३ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे कोलकात्यात तिचे २९,००० किलोमीटर पूर्ण झाले. दिवस लागले १५९.

आता जरा वही-पेन घ्या. २९,००० भागिले १५९ करा पाहू. उत्तर येतं साधारण १८२. म्हणजे सरासरीनं रोज १८२ किलोमीटर. महाडहून मुंबई साधारण तेवढीच लांब आहे. एसटीत बसून गेलो तरी आपली कंबर धरते, आणि ही मुलगी पाच महिन्यांहून जास्त काळ रोज तेवढी सायकल हाणत होती! पोलादपूर ते महाड हे अंतर १८ किलोमीटर धरलं, तर ते सोळाशे वेळा कापल्यासारखं झालं.

तुम्ही विचाराल, बरोबर २९,०००च का? त्याला कारण आहे. सायकलवरून जगाची फेरी मारली असं म्हणायला काही नियम आहेत. सायकल कमीत कमी १८,००० मैल चालवायला हवी. १८,००० मैल म्हणजे सुमारे २९,००० किलोमीटर. दिशा एकच ठेवायची, पूर्वेकडे तर पूर्वेकडेच. शिवाय पृथ्वीच्या गोळ्यावर एकमेकांच्या अगदी समोरासमोर येणाऱ्या दोन ठिकाणांवरून जायला हवं. लिंबातून सुई आरपार घातली, तर ती आत शिरते तो एक बिंदू आणि बाहेर येते तो दुसरा. तशी ही दोन ठिकाणं. मधला समुद्र मात्र विमानानं ओलांडता येतो. नाहीतर सायकल बुडायचीच!

हा प्रवास काही फुलांच्या पायघड्यांवरून झाला नाही. कॅनडात तिच्या मागे अस्वल लागलं. स्पेनमध्ये चोरांनी चाकू दाखवून तिला लुबाडलं. रशियात बर्फात तंबू ठोकून एकटीला रात्री काढाव्या लागल्या. व्हिसा वेळेवर मिळेनात, त्यात दिवस गेले आणि युरोपातली थंडी अंगावर आली. जगात सर्वांत वेगानं फेरी मारणारी स्त्री व्हायचं तिच्या मनात होतं. तो विक्रम काही तिला मिळाला नाही. तरीही ती फेरी पूर्ण करून आली.

आता घरातली मोठी माणसं म्हणतील, ‘‘बघ! अस्वल, चाकू, बर्फ! म्हणूनच आम्ही नको म्हणतो.’’ त्यांचं अगदी खोटं नाही. मीही या गोष्टी तुमच्यापासून लपवणार नाही. पण निघण्यापूर्वीची सुमारे दोन वर्षं ती तयारी करत होती, हेसुद्धा लक्षात ठेवा. अंग कसलं, रस्ते आखले, सायकलचं काम शिकून घेतलं. म्हणून संकट आल्यावर पुढे काय करायचं हे तिला सुचत गेलं. धाडस आपल्याला दिसतं, तयारी दिसत नाही. एवढाच फरक.

काही जण म्हणतील, ‘‘बाई, ही झाली पुण्याची मुलगी. आमच्या महाड-पोलादपुराकडून कोण जाणार?’’

का बरं? महाडहून रायगडाकडे, पाचाडच्या रस्त्याला लागलात की नाते गाव येतं ना? त्या नात्यात १४ जानेवारी १८९६ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, एक मुलगा जन्मला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्याचं लहानपण रोहा आणि तळा या भागात गेलं. १९१२ साली तो मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यानं मिळवली. मुंबईत कॉलेजात गेला. पदवी अजून हातात पडायची होती, आणि १९१५ साली, वयाच्या १९व्या वर्षी, तो इंग्लंडला केंब्रिजला शिकायला गेला.

१९१५ साल कसलं होतं आठवा पाहू? पहिलं महायुद्ध चालू होतं! विमानानं प्रवास नव्हता, बोटीनं जायचं, आणि समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या फिरत होत्या. त्याच वर्षी ३० डिसेंबरला ‘पर्शिया’ नावाची प्रवासी बोट इंग्लंडहून मुंबईला येत असताना भूमध्य समुद्रात क्रीट बेटाजवळ पाणबुडीनं बुडवली. तीनशेहून जास्त माणसं गेली. अशा दिवसांत आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका घरानं मुलाला समुद्रापार पाठवलं. (हो, आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ सालापासून आहे.)

पुढे काय झालं? १९१७ साली वनस्पतिशास्त्राचं बक्षीस घेऊन तो केंब्रिजमधून पदवीधर झाला. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आला. हेच सी. डी. देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं, तेव्हा ते आपल्या कुलाब्याचेच खासदार होते. त्यांचा प्रवास शिकण्यासाठी होता, तुमचा बघण्यासाठी असेल. पण ‘आमच्याकडून कोण जाणार’ हा प्रश्न महाड तालुक्यातल्या माणसानं शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे!

राहिला पैसा. तो सगळ्यात अवघड, नाही का? महाडचं चवदार तळं आणि २० मार्च १९२७ चा सत्याग्रह तुम्हाला ठाऊक आहे. त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी परदेशी जायला पैसे कुठे होते? बी.ए. झाल्यावर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि परत आल्यावर संस्थानात नोकरी करायची ही अट. म्हणजे पैसा दुसऱ्याचा असला की त्याबरोबर अट येते. ती वाचून, समजून मग सही करायची. शिकायला जाणाऱ्यांना असा मार्ग असतो. नुसतं बघायला जाणाऱ्यांना मात्र स्वतःच्या डब्यातलेच पैसे काढावे लागतात.

त्यासाठी एक सोपी युक्ती सांगते. पोस्टात आवर्ती ठेवीचं खातं असतं. ते पाच वर्षांचं असतं, आणि महिन्याला कमीत कमी १०० रुपये भरावे लागतात. दहा वर्षांवरील मुलाला किंवा मुलीला ते स्वतःच्या नावानं उघडता येतं. अकरावीपासून पदवीचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत किती वर्षं होतात? पाच! महिन्याला २०० रुपये टाकले तर १२,००० रुपये जमतात, वर व्याज. पण कॉलेज संपायच्या आत जायचं असेल तर हे खातं दहावीतच उघडायला हवं. दिवाळीची ओवाळणी, बक्षिसाचे पैसे, सुट्टीत काकांच्या दुकानात केलेल्या मदतीचे पैसे असं करत करत २०० रुपये जमवणं कठीण आहे, अशक्य नाही.

आता कागदांकडे वळू या. परदेशी जायला पासपोर्ट लागतो. पासपोर्ट म्हणजे ‘हा आमचा माणूस आहे’ असं आपल्या सरकारनं सांगणं. व्हिसा म्हणजे समोरच्या देशानं दारात उभं राहून ‘या’ म्हणणं. अठरा वर्षं पूर्ण झाली की पासपोर्ट दहा वर्षांचा मिळतो. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. त्याआधी काढायचा तर आईवडिलांची संमती लागते. पोलीस पत्त्याची चौकशी करतात, तेव्हा घाबरायचं नाही. तो नियम आहे.

पण मुलांनो, परदेशाचा पहिला कागद कुठे असतो सांगू? तुमच्या पहिलीच्या शाळेत, कपाटातल्या जनरल रजिस्टरात! तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला बनतो, आणि दाखल्यावरून पुढचे कागद. आपल्याकडे गंमत काय होते? जन्मदाखल्यावर ‘पिंकी’, शाळेत ‘प्रियांका’. एका कागदावर ‘सकपाळ’, दुसऱ्यावर ‘सपकाळ’. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. गावात यानं काही अडत नाही, कारण सगळे तुम्हाला ओळखतात. पासपोर्टच्या खिडकीवर मात्र नेमकं इथेच घोडं अडतं. शाळेत असेपर्यंत पुरावा देऊन दुरुस्तीचा अर्ज करता येतो. शाळा सुटली की तेच काम किचकट होऊन बसतं. तेव्हा जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेतली नोंद हे तिन्ही समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्रही जपून ठेवा. ते पासपोर्टलाही उपयोगी पडतं.

कागद झाले, पैसा झाला. आता सराव. एकटं जायचं तर एकटं वावरायची सवय हवी, आणि ती एका दिवसात लागत नाही. पोहायला शिकताना आपण आधी पायरीवर बसतो, मग कमरेइतक्या पाण्यात उतरतो. तसंच इथेही.

पहिली पायरी, घरी सांगून पोलादपूरहून महाडला एकट्यानं एसटीनं जायचं. फलाटावरची पाटी स्वतः वाचायची, सुटे पैसे जवळ ठेवायचे, एक काम करून परत यायचं. (मुलींनो, २०२३ सालापासून एसटीत तुम्हाला अर्धंच तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं निमित्त चालणार नाही!) दुसरी पायरी, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. तिसरी, वीर स्टेशनवरून कोकण रेल्वेनं रत्नागिरी किंवा पनवेल, तिकीट खिडकीवर स्वतः काढायचं. चौथी पायरी, कॉलेजात गेल्यावर आपली भाषा जिथे चालत नाही अशा राज्यात ओळखीच्यांकडे दोन दिवस. प्रत्येक वेळी घरून निघताना सांगायचं, पोहोचल्यावर कळवायचं, आणि काही अडलं तर कुणाला विचारायचं हे आधी ठरवायचं. वर्दीतला पोलीस, तिकीट तपासनीस, मुलंबाळं बरोबर असलेली बाई, दुकानदार, यांना विचारावं. आपणहून गळ्यात पडणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

आणि पाचवी पायरी? पाचवी पायरी परदेश! जवळचा परदेश म्हणजे नेपाळ. १९५० साली भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला. तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं, आणि ते तर अठराव्या वर्षीच मिळतं. मोठ्या माणसाला नुसतं आधार कार्ड मात्र तिथे चालत नाही, हे विसरू नका. कल्याणहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. गोरखपूरहून बसनं सोनौलीला जायचं. तिथे एका कमानीखालून पलीकडे पाऊल टाकलं की झाला परदेश! घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे करावं लागेल, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढीच पुढे आहे. पाटीवर अक्षरं देवनागरीच दिसतील, पण भाषा वेगळी. पहिल्या परदेशाला याहून सोपं दार कुठलं असणार?

परीक्षा बुडवून जायचं नाही हं. उन्हाळ्याची सुट्टी आहे की.

आता दोन शब्द पालकांसाठी.

बाबा, ताई, तुमची काळजी मला कळते. ‘तिथे काही झालं तर?’ हा प्रश्न खरा आहे. पण आपण महाडकर जाणतो, की धोका परदेशातच असतो असं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या गेल्या. त्या गाड्यांतली माणसं आपल्या रोजच्याच रस्त्यानं निघाली होती. त्यानंतर आपण एसटीनं जाणं सोडलं का? सोडलं नाही. पण पोहोचल्याचा निरोप आला नाही की आपला जीव खालीवर होतो, आणि पावसात नदीचं पाणी विचारूनच आपण निघतो. काळजी अशी कामाला लावता येते.

तेव्हा लेकीनं विषय काढला तर लगेच ‘हो’ म्हणू नका, आणि ‘नंतर’ही म्हणू नका. तिला म्हणा, ‘‘लिहून दाखव.’’ कुठे जाणार, कुठल्या महिन्यात, किती दिवस, राहणार कुठे, पैसे किती आणि कुठून, वाटेत पाकीट गेलं तर काय करणार, आम्हाला कधी कळवणार. तिनं नीट लिहिलं तर तिची तयारी तुम्हाला दिसेल. नाही लिहिता आलं तर अजून काय शिकायचं हे तिचं तिलाच कळेल. मुलासाठी जे प्रश्न विचाराल तेच मुलीसाठी विचारा, एकही जास्त नको. आणि नाहीच परवडत असं असेल, तर तेही मोकळेपणानं सांगा. आकडा सांगितलात तर मूल तो गाठायचा प्रयत्न करतं. नुसत्या ‘नंतर’पाशी ते खिन्न होऊन बसतं.

आणि पत्र लिहिणाऱ्या माझ्या छोट्या मैत्रिणी, तू विचारलंस ना, ‘नंतर’ कधी येतं? ते आपणहून येत नाही गं. त्याच्यापुढे तारीख लिहावी लागते. तारीख पुढे ढकलावी लागली तर खोडून दुसरी लिही, पण कोरी जागा ठेवू नकोस.

या आठवड्याचं काम सगळ्यांसाठी : (१) जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद ताडून पाहा, आणि फरक सापडला तर गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. (२) पोस्टात जाऊन आवर्ती ठेवीचा अर्ज कसा असतो ते विचारून या. (३) नकाशात सोनौली शोधा. (४) वहीच्या शेवटच्या पानावर एक ठिकाण आणि त्यापुढे एक वर्ष लिहा. ते पान आईबाबांना दाखवा आणि ते काय म्हणाले ते मला पत्रानं कळवा.

वाट पाहते.

तुमची,
बाई